ब्रह्मदेशातला बर्फ

एकलहऱ्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये कपडे वाळत घालायचे म्हणजे आधी वारा बघावा लागे. वारा थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या, धुराड्यांकडून वसाहतीकडे वळला, की दुपारपर्यंत पांढऱ्या शर्टाची रया गेलीच समजा. राख यायची. डोळ्यांना दिसायची नाही, पण खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की बोट करडं व्हायचं. अंगणात घातलेल्या कुरडयांवर राख, जाईच्या पानांवर राख, माझ्या भूमितीच्या वहीवर राख. आई दिवसभर तिच्या नावानं बोटं मोडायची आणि संध्याकाळी त्याच राखेनं भांडी घासायची. थर्मलची राख इतकी मऊ, की तिनं पितळ कसं झळझळीत निघायचं. सिन्नरहून मावशी आली की जाताना पिशवीभर राख घेऊन जायची. बहिणीकडून साडीचोळीऐवजी राख नेणारी बाई मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. मध्येच कधीतरी बॉयलरची वाफ सोडत, तेव्हा एवढा आवाज व्हायचा की बोलणारी माणसं तोंड तसंच उघडं ठेवून थांबायची आणि आवाज संपला की त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागायची. आता पन्नाशीला टेकले तरी कुठे मोठा आवाज झाला की मी वाक्य अर्धं धरून थांबते. माझी मुलगी हसते, म्हणते, झालं, आईची वाफ सुटली.

आमचे वडील, आण्णा, त्या बॉयलरवरच कामाला होते. पाळी संपवून आले की आधी अंगणातल्या नळाखाली डोकं धरायचे आणि मग डोकं पुसता पुसता कुणाची तरी थट्टा सुरू. थट्टा केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली भाकरी उतरत नसे. आई मोजकं बोलायची, पण बोलली की समोरचा गार. आणि घरातली तिसरी मोठी म्हणजे शेवंता आत्या, आण्णांची सगळ्यांत थोरली बहीण. आण्णा शेंडेफळ, त्यामुळे आत्यानं त्यांना कडेवर खेळवलेलं, आणि ते तिला आक्का म्हणत. तिचे यजमान, नामदेव मामा, मी जन्मायच्या आधीच गेले होते. मूलबाळ नव्हतं. मामा गेल्यावर आण्णा तिला सिन्नरच्या बाजूच्या गावाहून घेऊन आले, तेव्हा तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि हातात फडक्यात बांधलेली एक किटली. ट्रंक पलंगाखाली गेली. किटली बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी बसली.

बघायला किटली काही खास नव्हती. तांबूस, चॉकलेटी मातीची, वर चकाकी नाही, नक्षी नाही, बुडाशी फुलासारखा एक लहानसा ठसा. वरची वेताची कडी कधीच कुजून गेली होती, तिथे आण्णांनी तांब्याच्या तारेची कडी वळून बसवली होती. आणि एका खांद्यावर पिवळट, खरबरीत ठिपके, कुणी राळे भुरभुरावेत तसे. या ठिपक्यांनी आईचं आयुष्य खाल्लं. तिचं म्हणणं, किटलीची ती बाजू खिडकीकडे असते, म्हणून तिच्यावर थर्मलची राख बसून घट्ट झालीय. दर अमावस्येला फळी आवरताना ती किटली मोरीत घेऊन बसायची. चिंच लावून बघितली, लिंबू लावून बघितलं, काथ्यानं घासली, शेवटी राखेचा उतारा राख म्हणून राखेनंच रगडली. ठिपके ढिम्म हलले नाहीत. मग तिनं किटली फिरवून ठेवली, दुसरी बाजू खिडकीकडे. वर्षं गेली, पण दुसऱ्या बाजूला एक ठिपका बसला नाही. आण्णा म्हणाले, "अगं, तुझ्या धाकानं राखसुद्धा बसेना." आई म्हणाली, "धाक असता तर तुम्ही नीट बसला असता."

आत्या मात्र किटलीबद्दल बोलायला लागली की घर शांत व्हायचं. मामा तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, पलटणीत होते, लंगरात स्वयंपाकाला. लढाई संपून बऱ्याच दिवसांनी परत आले, ते ही किटली घेऊन. आत्याचं सांगणं, ब्रह्मदेशातल्या एका म्हाताऱ्या भन्तेंनी ती मामांना दिली, आणि ती तीनशे वर्षांची आहे. गावात लढाईवरून आलेल्या सगळ्यांनाच बर्मावाले म्हणत, तसे मामाही बर्मावाले. स्वतः मामा फार कमी बोलायचे. जे काही बोलायचे ते आत्यानं जपून ठेवलं होतं आणि आम्हाला जेवताना वाढायची, बाजरीच्या भाकरीबरोबर. "लय दिस बोटीत होते. आन् तिथं बर्फ पडायचा. सकाळच्याला भांडं उचलाय गेलं तर हात चिकटायचा भांड्याला. कान असे लाल व्हायचे." इथे आण्णांना राहवायचं नाही. "आक्का, ब्रह्मदेशात बर्फ नाय पडत गं. तिथं आपल्यापेक्षा जास्त उकडतं." आत्या म्हणायची, "तू गेला होता?" आण्णा म्हणायचे, "वैशाली, तुझ्या भूगोलात बघ." मी भूगोल उघडायची. भूगोलात ब्रह्मदेशात भात पिकायचा, साग उगवायचा, बर्फ काही पडायचा नाही. मग आमच्या घरात कुणी थाप मारली की तिला "दाजींचा बर्फ" म्हणायची पद्धतच पडली. दूधवाला म्हणाला पाणी घातलं नाही, तर आण्णा आतून म्हणत, "दाजींचा बर्फ." आत्या तोंडावर पदर धरून हसायची, पण पानातलं तसंच टाकून उठायची, हे आईच्या लक्षात यायचं. आई नंतर आण्णांना बोलायची, आणि आण्णा दोन दिवस गप्प राहून तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

किटलीत चहा आम्ही कधी केला नाही. भन्तेंनी दिलेल्या वस्तूत चहा कसा करायचा? ती परित्राणाच्या पाण्याची किटली झाली होती. आमच्याकडे गृहप्रवेश असो, बाळाचं नाव ठेवायचं असो, बौद्धाचार्य सुत्तं म्हणतात तेव्हा मध्ये पाण्याचं भांडं ठेवतात, त्याला पांढरा दोरा गुंडाळून तोच दोरा सगळ्यांच्या हातातून फिरवतात, आणि शेवटी ते पाणी सगळ्यांच्या ओंजळीत देतात. इतर घरांत तांब्या असायचा. तांब्यातलं पाणी धबकन पडतं, अर्धं सतरंजीवर जातं. आमच्या किटलीच्या तोटीतून कसं, बारीक धार, बरोबर ओंजळीपुरती. एकदा एका बारशाला ती गेली, आणि मग वसाहतीत कुणाकडे काही असलं की आदल्या दिवशी दारात माणूस हजर, "आत्या, किटली न्यायची हाय." आत्या स्वतः घेऊन जायची, दुसऱ्याच्या हातात देत नसे. पुढच्या रांगेत बसायची, खीर खायची आणि किटली फडक्यात बांधून परत आणायची. त्या दिवशी तिची चालच वेगळी असायची.

मी नववीत होते तेव्हा वसाहतीत नवं विहार बांधून झालं. समितीचे अध्यक्ष गांगुर्डे साहेब, थर्मलच्याच ऑफिसात होते, बुशशर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्यांच्या मनात आलं, की किटली विहारात काचेच्या पेटीत ठेवायची. एवढी प्राचीन वस्तू, लांबून लोक बघायला येतील. आत्याला विचारलं, तर ती एकच म्हणाली, "पेटीवर ह्यांचं नाव पाहिजे." साहेब म्हणाले, नाव तर सगळ्यात मोठं. आणि उत्साहाच्या भरात त्यांनी नाशिकच्या द्वारका चौकातल्या पेंटरकडून पाटी रंगवूनही आणली: "ब्रह्मदेशातून आणलेले तीनशे वर्षांपूर्वीचे पवित्र जलपात्र. दान: कालकथित नामदेव भिकाजी यांचे स्मरणार्थ." पाटी आमच्या घरी दाखवायला आणली, तेव्हा आत्यानं मामांच्या नावावरून हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं. कुठून कुठपर्यंत नाव आहे ते तिनं मला विचारून घेतलं. आईला त्या रात्री ती म्हणाली, "मूल नाय, बाळ नाय, शेत नाय. हे मेले तर गावात नाव घ्यायला कोण हाय? आता विहारात राहील." आईनं हे मला फार नंतर सांगितलं, पण आत्याचं सगळं त्या पाटीत अडकलेलं आहे हे तेव्हाही न सांगता कळत होतं.

पाटी झाल्यावर गांगुर्डे साहेबांना शंका आली. उद्या कुणी विचारलं, तीनशे वर्षं कशावरून, तर? तेव्हा जाणकाराकडून तपासून घ्यावी. सिन्नरच्या रस्त्याला रेगे म्हणून एक बाई होत्या, कलाशाळेत मातीकाम शिकवायच्या, घरामागे त्यांची स्वतःची भट्टी होती, जुन्या भांड्यांचा अभ्यास होता. त्या रविवारी येते म्हणाल्या. रविवारी सकाळी आमच्याकडे नेहमीप्रमाणे बोंबील भाजले गेले आणि मग आईच्या लक्षात आलं की पाहुणी येणार आहे. तिनं उदबत्तीचा आख्खा पुडा पेटवला. रेगेबाई स्कूटरवरून आल्या, दारातच नाक वर करून थांबल्या आणि म्हणाल्या, "बोंबील आहेत? माझ्या आजोळची आठवण झाली." त्या क्षणी आईनं त्यांना आपलं मानलं. किटलीचं काय व्हायचं ते होवो, पण बाई चांगली आहे, असं तिनं स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं.

बाई किटली घेऊन दारातल्या उजेडात मांडी घालून बसल्या. आम्ही सगळे गोल करून. गांगुर्डे साहेब खुर्चीत, आत्या भिंतीला टेकून, पदर गुडघ्यांत धरून. बाईंनी आधी किटलीवर नखानं टिचकी मारली. धातूसारखा खणखणीत नाद आला. "माती चांगली भाजलीय," त्या म्हणाल्या. मग झाकण काढून आत बघितलं, तोटीच्या तोंडाशी आतून पाडलेल्या भोकांवरून बोट फिरवलं, वास घेतला. "यात चहा करत होता का कुणी? आत डाग आहे, चहाचाच."

"नाय बाई," आत्या घाईनं म्हणाली. मग थांबून म्हणाली, "ह्ये करायचे. कोरा. दूध नाय, साखर नाय. मी म्हणायची, आजारी माणसावानी काय पिता? तर हसायचे नुसते."

बाईंनी मान हलवली आणि किटली उलटी केली. बुडाचा ठसा बराच वेळ बघितला. ब्रह्मदेशी भांड्यांवर काळपट चकाकी असते, तशी ही नाही, त्या म्हणाल्या. अशा बिनचकाकीच्या तांबड्या किटल्या चीनमध्ये करतात, पण त्या बंद डब्यात भाजतात, अगदी गुळगुळीत निघतात. मग त्यांनी किटली वळवली आणि खांद्यावरच्या ठिपक्यांवर अंगठा ठेवला. आई पुढे झाली. "ते जरा घाण राहिलंय बघा. थर्मलची राख बसते. किती घासलं तरी जात नाही."

रेगेबाई आईकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "वहिनी, ही राखच आहे. पण तुमच्या थर्मलची नाही. ही किटली भाजली तेव्हा भट्टीत लाकडं जळत होती, कित्येक दिवस. लाकडाची राख उडून हिच्या खांद्यावर बसली आणि तिथंच वितळून काच झाली. ज्या बाजूनं जाळ होता, त्याच बाजूला ठिपके. हे घासून जाणार नाही, आणि हे गेलं असतं तर मला काही सांगताच आलं नसतं. याच्यावरूनच तर ओळखायचं. ही ज्या मुलखातली आहे, तिथले लोक याला तीळ म्हणतात."

"क्लिंकर," आण्णा एकदम म्हणाले. "आमच्या बॉयलरात नळ्यांना चिकटतो तो. राख जास्त तापली की वितळते आणि काचेसारखी बसते, मग छिन्नी घेऊन बसावं लागतं." बाई म्हणाल्या, अगदी तोच प्रकार. झालं, पुढचा बराच वेळ ती दोघं राखेवरच बोलत बसली, कुठल्या कोळशाची कशी, कुठल्या लाकडाची कशी, आणि गांगुर्डे साहेब खिशातली पेनं काढून पुन्हा लावत राहिले. आई मात्र त्या ठिपक्यांकडेच बघत होती. इतक्या वर्षांची चिंच आणि लिंबं तिच्या डोळ्यांसमोरून जात असणार.

शेवटी साहेबांनी खाकरून विचारलं, "म्हणजे मॅडम, ही कुठली म्हणायची?"

"जपानची," बाई म्हणाल्या. "बिझेन म्हणून तिथला भाग आहे, तिथली. आणि तीनशे वर्षं नाहीत. ठसा अजून ठसठशीत आहे, बूडही फार झिजलेलं नाही. पन्नास-साठ वर्षं असतील. वस्तू सुंदर आहे, पण प्राचीन नाही."

नेमकी तेव्हाच थर्मलची वाफ सुटली, आणि बोलायचं काही नसतानाही आम्ही सगळे थांबलो. मी आत्याकडे बघितलं. तिनं भिंतीला टेकवलेली पाठ सरळ केली होती. आवाज थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "म्हंजी ते खोटं बोलले व्हय?" मला रडू यायला लागलं. आण्णा जमिनीकडे बघत होते. जन्मभर थट्टा केली, पण आज थट्टा खरी ठरली तर ती त्यांना नको होती, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"ब्रह्मदेश ते स्वतः म्हणाले होते?" रेगेबाईंनी विचारलं.

आत्यानं आठवलं. "गाव म्हणायचं. ह्ये म्हणायचे, लढाई सरल्यावर पुढं नेलं, बोटीनं. भन्ते नव्हं, एक म्हातारा व्हता, त्यानं दिली, म्हणायचे. भन्ते गावानंच केला असंल." मग तिनं पदर सोडला, पुढे सरकली, आणि बाईंच्या डोळ्यांत बघून विचारलं, "बाई, तिथं बर्फ पडतो का?"

"पडतो की. पलीकडच्या डोंगरात तर गुडघा गुडघा पडतो," बाई म्हणाल्या. "लढाई संपल्यावर आपल्या पलटणी जपानला नेल्या होत्या. बिझेनचा मुलूख आणि पलीकडचे डोंगर, तिकडेच होत्या त्या. माझे गुरू तिथं शिकायला होते, त्यांना तिथल्या म्हाताऱ्या कुंभारांनी सांगितलं होतं. आणि कोरा चहाही तिथलाच. तिथं दूध-साखर घालत नाहीत."

आत्यानं मान वळवून आण्णांकडे बघितलं. मग म्हणाली, "ऐकलंस का रे?" आण्णांनी मान खाली घातलेलीच होती, ती आणखी खाली गेली. "ऐकलं, आक्का," ते म्हणाले. मग आत्या हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता हसली, आणि आईला म्हणाली, बाईंना बोंबील वाढ. जेवून झाल्यावर तिनं स्वतः उठून त्या किटलीत चहा केला, कोरा, आणि आम्हा सगळ्यांना घोट घोट दिला. चव भयंकर होती. गांगुर्डे साहेबांनी सुद्धा संपवला.

पण काचेची पेटी काही झाली नाही. समितीचं म्हणणं पडलं की पन्नास वर्षांची वस्तू पेटीत कशी ठेवायची, त्यापेक्षा आत्याच्या कपबशा जुन्या असतील. पाटी फुकट जाऊ नये म्हणून साहेबांनी ती उलटी करून मागच्या बाजूला "चपला येथे काढाव्यात" असं लिहून घ्यायचं ठरवलं. आत्याच्या कानावर हे गेलं आणि ती भरदुपारी, डोक्यावर पदर घेऊन, त्यांच्या क्वार्टरवर गेली. मी मागोमाग. "साहेब, पेटी नका देऊ. पाटी बी नको. पण ह्यांचं नाव भिंतीकडं तोंड करून चपलांवर टांगू नका." साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे पेंटरला निरोप धाडला, नाव पुसून टाका म्हणून. पुसून टाका म्हटल्यावर आत्याचे डोळे भरले. तेव्हा साहेब गडबडले आणि म्हणाले, "आत्या, मग तुम्हीच सांगा काय करू?"

आत्यानं सांगितलं. आमच्याकडे कार्यक्रमात दान कुणी दिलं ते माइकवरून पुकारतात, सतरंजी अमक्याची, खीर तमक्याची. "किटली घरीच राहील. ज्याला पाहिजे त्यानं न्यावी. पण जिथं जाईल तिथं ह्यांचं नाव पुकारायचं, आन् जपान म्हणायचं. बर्मा नाय."

विहाराच्या उद्घाटनाला साहेबांनी शब्द पाळला. खच्चून भरलेल्या सभागृहात त्यांनी पुकारलं: "परित्राणाची किटली, कालकथित नामदेव भिकाजी यांनी जपानहून आणलेली." लोकांनी साधू, साधू, साधू म्हटलं. आणि पुढच्या रांगेतून आत्या उठली. कधी चार माणसांत न बोललेली बाई, तिनं साहेबांच्या हातातून माइक घेतला. आईनं माझा हात धरला. आत्या माइकला तोंड लावून म्हणाली, "तिथं बर्फ पडतो." माइक साहेबांना परत देऊन ती खाली बसली. लोकांना काही कळलं नाही, पण आण्णांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

त्यानंतर ती प्रत्येक कार्यक्रमात तेच करायची. नाव पुकारलं, साधू झालं, की पुढच्या रांगेतून आत्याचा आवाज, "तिथं बर्फ पडतो." पोरांना गंमत वाटायची, ती तिच्याबरोबर म्हणायला लागली. आई मात्र ठिपक्यांना पुन्हा शिवली नाही. फळी पुसताना किटली उचलायची आणि ठिपक्यांची बाजू पुढे करून ठेवायची, आल्या-गेल्याला दिसावी अशी. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, तिच्यामागोमाग आण्णा आणि आई. वसाहतीतली माणसं पांगली, कुणी नाशिकरोडला, कुणी पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतले. किटली माझ्याकडे आहे. अजूनही कुणी ना कुणी न्यायला येतं, आणि अट तीच.

मागच्या महिन्यात एका बारशाला घेऊन गेले होते. पुकारणारा मुलगा विशीतला, त्यानं ना एकलहरे बघितलं, ना आत्या. त्याच्या आईनं त्याला पाठ करून घेतलं असणार. कालकथित नामदेव भिकाजी यांनी जपानहून आणलेली, असं तो एका दमात म्हणाला. लोक साधू, साधू, साधू म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्यामागे बसलेली सगळी लहान पोरं, कुणी न सांगता, एका सुरात म्हणाली, "तिथं बर्फ पडतो." मग मी ओंजळ पुढे केली आणि पाणी घेतलं.